जंताचं औषध पाजूनही शेळ्या महिन्याभरात पुन्हा खंगतात? बाटली बदलायच्या आधी चौदाव्या दिवशी लेंडी तपासा

सलग चार वर्षं आमच्या वाड्यात एकच गोष्ट होत होती. मृग लागायच्या आधी सगळ्या शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं, पाऊस पडायचा, माळ हिरवा व्हायचा, शेळ्या पोटभर चरायला लागायच्या आणि श्रावण अर्धा झाला की एकेक मागं पडायची. केस राठ, चालताना कळपाच्या शेवटी, चढ आला की उभीच राहते, दूध आटलेलं, करडं उपाशी, आणि मग एक दिवस सकाळी सोडताना बघावं तर जबड्याखाली पाण्याची पिशवी लटकलेली. परत औषध पाजायचं, आठ-दहा दिवस जरा बरं वाटायचं, परत तेच. चौथ्या वर्षी पाच शेळ्या आणि अकरा करडं गेली, त्यातल्या दोन शेळ्या घरीच जन्मलेल्या, माझ्या आईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेल्या होत्या. तेव्हा ठरवलं की आता नुसती बाटली आणून पाजायची नाही, हे का होतंय ते आधी कळलं पाहिजे.

आमच्या शेळ्या उस्मानाबादी, जिल्हा धाराशिव, तेव्हा ४२ नग होते, दिवसा माळावर आणि ओढ्याच्या कडेनं चराई, रात्री वाड्यात. तुमच्याकडं बंदिस्त असतील तर थोडा फरक पडेल, ते पुढं येईल.

शेवटची शेळी मेली तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी ती आमच्यासमोर उघडून दाखवली. चौथं पोट चिरलं तर आत इंचभर लांबीचे, दोऱ्याएवढे बारीक, लाल-पांढरा पीळ घातल्यासारखे जंत नुसते वळवळत होते, आणि हे औषध पाजून बाराव्या दिवशी. मॅडम म्हणाल्या, "हे मेलेले असायला पाहिजे होते." त्या एका वाक्यावरून सगळं पुढचं सुरू झालं.

या जंताचं नाव हिमॉन्कस. लाल दिसतं ते त्याच्या आतड्यातलं आपल्या शेळीचं रक्त आणि पांढरा पीळ म्हणजे मादीचं अंडाशय. एका जंतापायी दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त जातं, ऐकायला काहीच नाही, पण पोटात हजार जंत असले की रोजचे ५० मिली झाले आणि ३० किलोच्या शेळीच्या अंगात सगळं मिळून रक्तच असतं दोन लिटरच्या आसपास. वर एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी टाकते. ती अंडी लेंडीतून बाहेर पडतात, पावसाळ्याच्या उबदार ओलीत आठवड्याभरात त्यातून अळ्या तयार होतात, त्या दवाच्या थेंबातून गवतावर चढतात, शेळी ते गवत खाते, आणि अडीच-तीन आठवड्यांनी तिच्या पोटात नवीन मादी अंडी घालायला लागते. हा तीन आठवड्यांचा हिशोब डोक्यात ठेवा, सगळ्या तपासाची किल्ली त्यातच आहे.

जंतच आहेत का, आणि कोणते?

पहिली चूक इथंच होते. शेळी खंगली की जंत, हगवण लागली की जंत, असं आपण धरून चालतो आणि औषधाला दोष देतो. हिमॉन्कसमध्ये बहुतेक वेळा हगवण नसते, लेंडी चांगली गोळीदार पडते आणि शेळी आतून पांढरी पडत जाते. डोळ्याची खालची पापणी ओढून बघा, हिरड्या बघा, तिथं रक्ताचा रंग नसेल आणि सोबत जबड्याखाली सूज असेल तर हिमॉन्कसचा संशय पक्का धरा. पण तीच सूज लिव्हर फ्लूकनं पण येते, म्हणजे यकृतातले चपटे जंत, तळ्याकाठी, पाटाच्या पाण्यावर, गोगलगाई असलेल्या पाणथळ जागी चरणाऱ्या जनावरांत हे जास्त. त्याचं औषध वेगळं असतं आणि आपण ज्या औषधानं गोल जंत मारायला जातो त्यातल्या बऱ्याचशांचा या चपट्यांवर काहीच परिणाम होत नाही. मग औषध फेल गेलं असं वाटतं, खरं तर ते त्या कामाचंच नव्हतं.

करडांचं तर अजून वेगळं. एक ते चार महिन्यांच्या करडांना पातळ, कधी रक्ताची, घाण वासाची हगवण असेल तर आधी कॉक्सिडियाचा विचार करा. तो जंत नाहीच, डोळ्याला न दिसणारा एकपेशीय जीव आहे आणि जंताच्या कुठल्याच औषधानं तो मरत नाही. आमच्या अकरापैकी काही करडं यानंच गेली असणार असं आता वाटतं, मी त्यांना जंताचं औषध पाजत बसलो होतो. लेंडीवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसतात ते टेपवर्मचे, ते दिसतात म्हणून आपण घाबरतो पण मोठ्या शेळीला त्यांचा फारसा त्रास नसतो, ज्यानं शेळी मरते तो लेंडीत डोळ्याला दिसतच नाही. आणि अंगभर गोचीड किंवा उवा असतील तरी रक्त कमी होतं, तेही हात फिरवून बघा.

हे सगळं एका लेंडी तपासणीत बरंच साफ होतं.

औषध पोटात पुरेसं जातंय का?

जंत औषधाला दाद देत नाहीत असं म्हणायच्या आधी आपण औषध नीट दिलं का हे बघायला लागतं. मी हे सरळ सांगतो, आमच्याकडं चार वर्षं सगळ्यांना सरसकट ५ मिली पाजत होतो. लहान असो मोठी असो, ५ मिली. आता हिशोब करा. अल्बेंडाझोलची साधी पातळ बाटली अडीच टक्क्यांची असते, म्हणजे एका मिलीत २५ मिलिग्रॅम औषध. ५ मिलीत झाले १२५. शेळी ३५ किलोची असेल तर किलोमागं पडलं साडेतीन मिलिग्रॅम. मेंढीलाच किलोमागं ५ ते साडेसात लागतं आणि शेळीचं यकृत हे औषध मेंढीपेक्षा भराभर बाहेर टाकतं, म्हणून शेळीला मेंढीच्या दीडपट ते दुप्पट लागतं. किलोला १० धरले तर ३५ किलोच्या शेळीला १४ मिली पाहिजे आणि आम्ही देत होतो ५. एवढ्याशा औषधानं कमजोर जंत मरतात, जरा दणकट असतात ते वाचतात, आणि पुढची पिल्लावळ त्यांचीच. म्हणजे जंत दणकट करायचं काम आम्ही स्वतःच्या हातानं केलं.

वजन काटा नसेल तर टेलरचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा, खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी मोजा, मग घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, उत्तर किलोत येतं. घेर २८ आणि लांबी २६ असेल तर जवळजवळ ३१ किलो. अंदाजानं आपण नेहमी कमीच धरतो असा माझा अनुभव आहे. कळपाला एकच डोस ठरवायचा असला तर सरासरीवर ठरवू नका, सारख्या आकाराच्या शेळ्यांचे गट करा आणि त्या गटातल्या सगळ्यात जड शेळीच्या वजनावर ठरवा.

पण सगळ्याच औषधांना "थोडं जास्त दिलं तर काय होतंय" चालत नाही, हे लक्षात ठेवा. लेव्हामिसोल जास्त झालं तर लाळ गळते, थरथर सुटते, शेळी पडते. क्लोसँटेल जास्त झालं तर शेळी आंधळी होते, आणि ती दृष्टी सहसा परत येत नाही. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात देत नाहीत, पोटातल्या करडाला धोका असतो. म्हणून शेळीचा डोस तुमच्या डॉक्टरांकडून किलोवर लिहून घ्या, बाटलीवरचा गाईचा किंवा मेंढीचा आकडा तसाच उचलू नका. दूध आणि मटण किती दिवस वापरायचं नाही तेही त्याच वेळी विचारा.

पाजताना बाटली दणकून हलवा, औषध तळाशी बसलेलं असतं, वरचं पांढरं पाणी पाजून उपयोग नाही. पाजायची नळी जिभेच्या मागच्या बाजूला गेली पाहिजे. गालात किंवा जिभेच्या टोकावर सोडलं तर औषध कधी कधी पहिलं मोठं पोट टाळून सरळ पुढं निघून जातं आणि अंगात पुरेसा वेळ राहत नाही. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोलच्या बाबतीत आदल्या रात्री चारा बंद ठेवला, पाणी चालू ठेवलं, की औषध पोटात जास्त वेळ टिकतं. दिवस भरत आलेल्या आणि फार अशक्त शेळीला मात्र उपाशी ठेवू नका.

नाव बदललं, औषध तेच

दुसऱ्या वर्षी मी दुकानातून दुसऱ्या कंपनीचं आणलं. तिसऱ्या वर्षी अजून वेगळं, महाग. मला वाटत होतं की मी औषध आलटून पालटून देतोय, सगळेच तसं सांगतात ना. नंतर डॉक्टर मॅडमनी तिन्ही रिकाम्या बाटल्या टेबलावर ठेवून मला बारीक अक्षरातलं नाव वाचायला लावलं. पहिल्यात अल्बेंडाझोल, दुसऱ्यात फेनबेंडाझोल, तिसऱ्यात परत अल्बेंडाझोल. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल, ऑक्सफेंडाझोल, मेबेंडाझोल, शेवटी "बेंडाझोल" किंवा "फेंडाझोल" लागलं की घराणं एकच, जंताला मारायची जागा एकच. एकाला जंत दाद देत नसतील तर बाकीच्यांनाही देत नाहीत. तसंच आयव्हरमेक्टिन, डोरामेक्टिन, मॉक्सिडेक्टिन हे एक घराणं. लेव्हामिसोल तिसरं. क्लोसँटेल अजून वेगळं, ते मुख्यतः रक्त पिणाऱ्या जंतांवर आणि फ्लूकवर चालतं. दुकानात गेल्यावर कंपनीचं नाव विचारू नका, आतलं औषध कुठलं ते वाचा आणि वहीत लिहा.

आयव्हरमेक्टिनबद्दल एक गोष्ट फार कमी लोक बोलतात. आपण गोचीड, उवा, खरूज यासाठी वर्षात दोन-तीनदा त्याचं इंजेक्शन मारतो. ते फक्त कातडीपुरतं राहत नाही, पोटातल्या जंतांनाही ते लागतं आणि नंतर बरेच दिवस थोडं थोडं अंगात रेंगाळत राहतं, त्या कमी डोसात दणकट जंतच टिकतात. म्हणजे जंतासाठी एकदाही न वापरलेलं औषध जंतांवर आधीच बोथट झालेलं असू शकतं.

बरेच जण म्हणतात जंतांना औषधाची "सवय लागते". तसं नसतं. अल्बेंडाझोल जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि त्याची आतली बांधणी मोडतं, मग जंताला अन्न घेता येत नाही. काही जंतांत या प्रथिनात अगदी एका जागी, २०० नंबरच्या जागी, जन्मापासूनच वेगळा घटक बसलेला असतो आणि औषध तिथं नीट चिकटतच नाही. असे जंत आधीपासून मूठभर असतात. आपण दर वेळी बाकीचे मारून त्यांना मोकळं रान देतो. तण मारायला दर हंगामात एकच तणनाशक फवारलं की शेवटी रानात न मरणारंच तण उरतं, ते आपण बघितलंय, तेच इथं पोटात होतं. आणि हे काही आपल्यापुरतं नाही. या घराण्यातलं पहिलं औषध थायाबेंडाझोल १९६१ ला आलं आणि १९६४ ला अमेरिकेत मेंढ्यांमध्ये त्याला न मरणारा हिमॉन्कस सापडला, आपल्या देशात १९७६ ला उत्तर प्रदेशातल्या मेंढ्यांत नोंद झाली. आयव्हरमेक्टिन १९८१ ला बाजारात आलं, त्याच्या शोधासाठी कॅम्पबेल आणि ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं, पण दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढ्यांवर ते ८० च्या दशकातच फसायला लागलं होतं. मोनेपँटेल नावाचं एकदम नव्या घराण्याचं औषध २००९ ला न्यूझीलंडमध्ये आलं आणि २०१३ ला तिथल्याच एका फार्मवर शेळ्या-मेंढ्यांतले जंत त्याला जुमानत नसल्याचं नोंदवलं गेलं. म्हणून नवीन बाटलीची वाट बघत बसण्यात अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत झालंय.

चौदावा दिवस

आता मुख्य गोष्ट. औषध दिल्यावर महिन्याभरानं शेळी परत खंगली तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक, जुने जंत मेलेच नाहीत. दोन, जुने सगळे मेले पण चरायला गेल्यावर नवीन अळ्या पोटात गेल्या आणि त्या मोठ्या झाल्या. लक्षणं दोन्हीकडं सारखीच, उपाय मात्र एकदम वेगळे. पहिल्यात औषधाचं घराणं बदलावं लागतं, दुसऱ्यात औषधाला काही झालेलं नाही, चराई बदलावी लागते. महिन्यानं तपासलं तर हे ओळखताच येत नाही.

म्हणून चौदाव्या दिवशी तपासायचं. नवीन अळी पोटात गेल्यापासून अंडी घालेपर्यंत तिला अडीच-तीन आठवडे लागतात, म्हणजे औषध दिल्यावर खाल्लेली अळी चौदाव्या दिवसापर्यंत अंडी घालूच शकत नाही. त्या दिवशी लेंडीत अंडी सापडली तर ती औषध खाऊन जिवंत राहिलेल्यांचीच. इतकं सोपं आहे हे, आणि चार वर्षं मला कोणी सांगितलं नव्हतं.

करायचं कसं ते सांगतो. मागच्या सहा-आठ आठवड्यांत औषध न दिलेल्या दहा-बारा शेळ्या निवडा, कानातले नंबर लिहा. लेंडी जमिनीवरची उचलू नका, हातमोजा किंवा स्वच्छ पॉलिथिन हाताला लावून थेट गुदद्वारातून घ्या, आठ-दहा लेंड्या पुरतात. पिशवीतली हवा दाबून काढा, नंबर टाका, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या बाटलीसोबत ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा, उन्हात राहिली तर अंडी फुटून अळ्या होतात आणि मोजणी चुकते. फ्रीजरमध्येही टाकू नका. मग त्याच दिवशी प्रत्येकीला मोजून, वजनावर, पूर्ण डोस द्या. चौदाव्या दिवशी त्याच शेळ्यांची परत लेंडी.

तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसेल तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात विचारा, नाहीतर पशुवैद्यकीय महाविद्यालयात, आपल्याकडून उदगीर आणि परभणी जवळ पडतं, पुणे-साताऱ्याकडच्यांना शिरवळ. तिथं गेल्यावर एक वाक्य नक्की म्हणा, "अंडी मोजून पाहिजेत." कारण बऱ्याच ठिकाणी रिपोर्टवर एक प्लस, दोन प्लस असं लिहून देतात आणि त्यावरून औषध किती चाललं हे काढता येत नाही. मॅकमास्टर नावाची खाचा असलेली काचपट्टी असते, त्यात मिठाच्या दाट पाण्यावर तरंगलेली अंडी मोजून एका ग्रॅम लेंडीत किती अंडी हा आकडा मिळतो.

आमचे आकडे असे आले. बारा शेळ्यांना अल्बेंडाझोल, बारांना लेव्हामिसोल, दोन्ही वजनावर. अल्बेंडाझोलवाल्यांची सरासरी आधी १८५० होती, चौदाव्या दिवशी ७२०. म्हणजे घट ६१ टक्के. लेव्हामिसोलवाल्यांची १७०० वरून ६० वर आली, घट साडेशहाण्णव टक्के. साधारण नियम असा धरतात की घट ९५ च्या खाली गेली की जंतांत औषधाविरुद्ध प्रतिकारशक्ती आल्याचा संशय घ्यायचा, आणि ९५ आणि ९० च्या मधलं असेल तर परत तपासायचं. ६१ म्हणजे विषयच संपला. पूर्ण डोस देऊनही शंभरातली ३९ अंडी तशीच. आमच्या वाड्यापुरतं अल्बेंडाझोल आणि त्याचं सगळं घराणं हिमॉन्कसवर गेल्यात जमा आहे, आणि वापर बंद केला की काही वर्षांत ते परत चालायला लागेल या भरवशावर राहू नका, तसं सहसा होत नाही.

तुमचा आकडा वेगळा येईल. शेजारच्या तात्यांच्या मेंढरांवर अल्बेंडाझोल अजून चांगलं चालतं, त्यांनी तपासून घेतलं. म्हणून माझं बघून औषध ठरवू नका.

मग आता काय

चालणारं औषध सापडलं की पहिली इच्छा होते सगळ्यांना तेच पाजून टाकायची. तेच करू नका. बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची बिगर बीटीची पुडी यायची, आठवतंय ना, ती कडेनं लावायची होती. म्हणजे साध्या अळ्या तिथं जगतील, त्यांचे पतंग दणकट अळ्यांच्या पतंगांशी जुळतील आणि दणकटपणा पातळ होत राहील. बहुतेकांनी ती पुडी बांधावर टाकून दिली आणि २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते सगळ्यांनी भोगलं. जंतांचंही तेच गणित आहे. औषधाला मरणारे साधे जंत काही शेळ्यांच्या पोटात आणि माळावर शिल्लक राहू द्यायचे. कळपातल्या वीस-तीस टक्के शेळ्यांच्या पोटातच बहुतेक सगळे जंत असतात, औषधाची खरी गरज त्यांनाच असते.

त्या शेळ्या ओळखायच्या डोळ्याच्या पापणीवरून. दक्षिण आफ्रिकेतल्या फ्रान्स्वा मलान यांनी यासाठी एक रंगाचा तक्ता केला, फामाचा म्हणतात, १ म्हणजे लालबुंद आणि ५ म्हणजे कागदासारखी पांढरी पापणी. ४ आणि ५ ला औषध द्यायचंच, ३ ला करडू असेल, गाभण किंवा पाजती असेल, अंगानं उतरलेली असेल तर द्यायचं, १ आणि २ ला नाही. उजेडात बघा, सावलीत रंग फसवतो. मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोवरून रंग जुळवू नका, प्रत्येक स्क्रीनवर वेगळा दिसतो, छापलेला तक्ता डॉक्टरांकडून मिळवा आणि एकदा त्यांच्यासमोर करून बघा. डोळे आलेले असतील, धूळ गेली असेल तर पापणी उगाच लाल दिसते. आषाढ ते भाद्रपद आम्ही दर आठवड्याला बघतो, उन्हाळ्यात महिन्यानं. ४० शेळ्यांना दोन माणसं लागली तर तासाभरात होतं.

मृगाआधी सगळ्यांना एकजात पाजायची जी सवय आहे तिच्याबद्दल मला फार बोलायचंय. आपल्याकडं एप्रिल-मेच्या उन्हात माळावरच्या अळ्या जवळजवळ सगळ्या भाजून मरतात, तेव्हा जे काही जंत असतात ते शेळ्यांच्या पोटातच असतात. त्याच वेळी प्रत्येक शेळीला औषध पाजलं तर वाचतात फक्त दणकट, आणि पहिल्या पावसानंतर कोरी झालेली सगळी जमीन त्यांच्याच अंड्यांनी भरते. आम्ही चार वर्षं नेमकं हेच केलं. आता मृगाआधी पापणी आणि अंगावरचं मांस बघून देतो, धट्ट्याकट्ट्या आठ-दहा शेळ्या मुद्दाम सोडतो. तसंच औषध पाजलं की लगेच नव्या कोऱ्या रानात नेऊ नका, चार-पाच दिवस जुन्याच माळावर चरू द्या, नाहीतर नव्या रानात जाणारे जंत फक्त औषधातून वाचलेलेच असतात.

बाजारातून आणलेली शेळी सरळ कळपात सोडू नका. ती दुसऱ्याच्या वाड्यातले न मरणारे जंत घेऊन येते. दोन वेगळ्या घराण्यांची औषधं, प्रत्येकाचा पूर्ण डोस, डॉक्टरांना विचारून एकाच दिवशी द्या, एकाच बाटलीत मिसळून नाही, मग दोन-तीन आठवडे वेगळी बांधा, चौदाव्या दिवशी लेंडी तपासा. तेवढ्या दिवसांत पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) वगैरे काही असेल तर तेही बाहेर येतं.

चराईत आम्ही दोनच गोष्टी बदलल्या आणि त्यांचा फरक दिसला. पावसाळ्यात दव वाळल्याशिवाय सोडत नाही, नऊ-साडेनऊ होतात. आणि ओढ्याकाठचं आखूड कोवळं गवत बंद केलं, अळ्या बहुतेक जमिनीपासून दोन-तीन इंचांतच असतात, शेळी तिथंच तोंड घालते. त्याऐवजी बोर, बाभूळ, शेवरी, सुबाभूळ यांचा पाला उंचावर टांगतो, शेळीला तसंही वर तोंड करून खायला आवडतं, आणि बोरी-बाभळीच्या पाल्यातल्या तुरटपणानं जंतांची अंडी काही प्रमाणात कमी होतात. बंदिस्तवाल्यांनी गव्हाण जमिनीपासून वर ठेवा, पाण्याची टाकी गळत असेल तर दुरुस्त करा, ताजं लेंडीखत टाकलेल्या ओल्या वाफ्यातलं गवत कापून आणू नका. व्यायच्या आधीपासून पाजत्या दिवसांत शेळीच्या पोटातले जंत जास्त अंडी टाकतात, तेव्हा मूठभर शेंगदाणा पेंड वाढवा, प्रथिनं मिळाली की शेळी जंत बरे सोसते.

वावडिंग, पळसपापडी, कडुलिंब असं बरेच जण सांगतात. आमच्या आजोबांपासून चालत आलंय, मी त्याला नाव ठेवत नाही. पण पापणी पांढरी पडलेल्या शेळीला त्यावर ठेवू नका, तिच्याकडं तेवढे दिवस नसतात. अशा शेळीला पळवू नका, चढावर नेऊ नका, जागेवर चारा-पाणी द्या आणि डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. आणि मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, पाण्यात कालवून पाजायचा जुना प्रकार कुणी सांगितला तर करू नका, तांबं जास्त झालं की मेंढरं तर नक्की मरतात.

दर वर्षी त्याच त्याच शेळीला तीन-चारदा औषध लागत असेल तर तिच्या पाटी, म्हणजे मादी करडं, कळपात ठेवू नका. बोकड निवडताना तर जास्तच बघा, सगळ्या करडांत त्याचं निम्मं रक्त जातं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दख्खनी मेंढ्यांचा बंगालच्या गरोळ मेंढ्यांशी संकर करून बघितलं तेव्हा गरोळचं रक्त असलेली कोकरं जंतांना जास्त टिकली, म्हणजे हा गुण पिढीतून पुढं जातो हे आपल्याच राज्यात दिसलेलं आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडं ४६ पैकी १३ शेळ्यांनाच औषध लागलं, एकही मोठी शेळी गेली नाही, करडं दोन गेली. पण लेव्हामिसोल परत तपासलं तर घट ९३ टक्के आली. साडेशहाण्णववरून त्र्याण्णव. मॅडम म्हणाल्या घाबरू नका, शेळ्या कमी असल्या की आकडा थोडा हलतो, पण या वर्षी पंधरा शेळ्या घेऊन परत करू आणि सोबत क्लोसँटेलचाही एक गट ठेवू. पोळा झाला की पहिली लेंडी घ्यायची आहे, पिशव्यांवर नंबर टाकून ठेवलेत.